मेजाचं कापड

फोन वाजला तेव्हा शांतवन कोथिंबीर निवडत होता. पानं चाळणीत, कोवळ्या काड्या वाटीत, मुळं वर्तमानपत्रावर. त्याची बायको कुसुम अशीच निवडायची म्हणून तोही अशीच निवडत होता. त्यात दुःखाचा भाग नव्हता, दुसरी पद्धत त्याला माहीत नव्हती इतकंच. फोनवर दीपमाला होती. दसऱ्यानंतर सिन्नरहून लग्न होऊन आलेली, आणि शिकलेली आहे म्हणून बायकांनी लगेच महिला मंडळाची सेक्रेटरी करून टाकलेली. "सलाम काका. चहा झाला का? एक विचारायचं होतं. नाताळच्या प्रभुभोजनाला मेजावर घालतात ते मोठं कापड कुसुमकाकूंकडे असतं ना? देवळाच्या कपाटात बघितलं मी, तिथे नेहमीचं छोटंच आहे." "असतं," शांतवन म्हणाला. "मग शनिवारी येते न्यायला. धुऊन इस्त्री करून ठेवते. काकूंसारखी इस्त्री जमणार नाही, सगळ्यांनी आधीच दम दिलाय मला." ती हसली. शांतवनही हसला असावा. फोन ठेवून त्याने उरलेली जुडी निवडली, हात धुतले, आणि मग त्याच्या लक्षात आलं की आपण 'असतं' म्हणालो. कुसुम गेली त्यानंतर पावसाळा संपला होता, थंडी पडली होती. दीपमालाने कुसुमला पाहिलंही नव्हतं. तिच्या लेखी कुसुम म्हणजे मोठं कापड मिळण्याचं ठिकाण. शांतवनला त्याचं वाईट वाटलं नाही. कुसुमच्या नावाने कुणी काही मागावं, हे या घरात बऱ्याच दिवसांत झालं नव्हतं.

तो कपाटापाशी गेला. या घरात काही शोधावं लागत नसे. शांतवनने सातपूरच्या कारखान्यात टूलरूम सांभाळण्यात नोकरी काढली होती. तिथे भिंतीवरच्या फळ्यांवर प्रत्येक हत्याराचा आकार पिवळ्या रंगाने काढलेला असे, पाना काढला की त्याच्या जागी पिवळा पाना दिसत राही, म्हणजे काय गेलंय ते लांबूनही कळे. ही पद्धत आली तेव्हा त्याने घरी येऊन मोठ्या कौतुकाने सांगितलं होतं. कुसुम पोळ्या लाटत होती. "रंग कशाला लागतो?" ती म्हणाली. "हात पहिला जिथे जातो तिथे वस्तू ठेवायची. मग रंगही नको नि फळाही नको." तिने घर तसंच लावलं होतं. चहाची पावडर उजव्या हाताला, कारण भांडं डाव्या हातात असतं. विळी ओट्याच्या टोकाला. छत्र्या दाराआड. पाहुण्यांच्या चादरी कपाटात सगळ्यात वर, घरच्या त्याखाली, आणि मधला कप्पा, छातीच्या उंचीचा, हात पहिला जातो तो, तिने देवळाच्या कापडासाठी ठेवला होता. ते कापड वर्षातून दोनदाच लागे, ईस्टरला आणि नाताळला, मग त्याला एवढी चांगली जागा कशाला, असं शांतवनने एकदा विचारलं होतं. कापड एका जुन्या पांढऱ्या अभ्र्यात घालून ठेवलेलं असे, धूळ बसू नये म्हणून. मधल्या कप्प्यात अभ्रा होता. त्याने हात ठेवला. अभ्रा चपटा होता. आत काही नव्हतं.

मग सगळं आपोआप जुळत गेलं, फार जोर न लावता. ऑगस्ट होता. कुसुमने सकाळी गॅसवर चहा ठेवला आणि खुर्चीवर बसली ती बसलीच. दुपारपर्यंत घर माणसांनी भरलं. देवळातले बाक आणून अंगणात मांडले होते, शवपेटी बाहेरच्या खोलीत आली होती आणि तिला नव्या पॉलिशचा वास होता. आत बायका कुसुमला आंघोळ घालत होत्या. दरवाजा थोडासा उघडून कुणीतरी विचारलं, पांढरी चादर आहे का घरात, की मेनरोडवरून मागवायची? शांतवनला त्या प्रश्नाचा राग आला होता. हे त्याला आता स्वच्छ आठवलं. "मागवायची कशाला?" तो म्हणाला होता. "या घरात शोधावं लागत नाही." तो उठला, माणसांतून वाट काढत कपाटापाशी गेला, हात आत घातला, पांढरं कापड काढलं आणि दारातून आत दिलं. त्या दिवशी त्याने स्वतःच्या हाताने केलेली ती एकच गोष्ट. परत येऊन खुर्चीवर बसताना त्याला थोडा अभिमानसुद्धा वाटला होता. बायको आत मरून पडलेली आणि याला अभिमान. रिकामा अभ्रा बहुधा तिथेच जमिनीवर पडला असणार आणि रूपालीने, त्याच्या मुलीने, नंतर आवरताना घडी करून जागेवर ठेवला असणार. आईचीच मुलगी. दफनभूमीत मातीची मूठ टाकून झाल्यावर पाळकसाहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला होता आणि म्हणाले होते, "फार मोठं केलंत." कशाबद्दल ते शांतवनला कळलं नव्हतं. अशा दिवशी लोक काहीबाही बोलतात, असं समजून त्याने मान हलवली होती.

म्हणजे देवळाचं, साऱ्या मंडळीचं कापड कुसुमच्या अंगावर गेलं होतं. त्या कापडाला ती घरातल्या कुणाला हात लावू देत नसे. रूपालीच्या साखरपुड्याला केक ठेवायला टेबलावर घालायला म्हणून शांतवनने ते काढलं होतं तर तिने पाहुण्यांदेखत त्याच्या हातातून ओढून घेतलं. "मंडळीची वस्तू आहे," एवढंच म्हणाली. तिला त्यातलं फार कळायचं. कुणाच्या घरून डबा आला तर तो रिकामा परत जायचा नाही, निदान मूठभर शेंगदाणे तरी जायचे. कुणाची सुई आणली तर दुसऱ्या दिवशी सुई परत, दोऱ्यासकट. आणि आता ती दुसऱ्याची वस्तू घेऊन झोपली होती, आणि ती परत करण्याचा काही मार्ग नव्हता. शांतवन पलंगावर बसला. त्याच्या मनात आलं, तिला हे कळलं तर? आणि मग असं मनात आलं याचंच त्याला नवल वाटलं. कारण पुनरुत्थान, स्वर्ग, पुन्हा भेटणं, हे सगळं तो मान डोलवून ऐकत आला होता, पण त्याला त्याचा फारसा उपयोग झाला नव्हता. ऑगस्टपासून तो दर रविवारी उपासनेला जायचा, प्रभुभोजनाचा रविवार असला की लोक मेजाकडे जायला उठू लागताच बाहेर यायचा आणि स्कूटरपाशी उभा राहायचा. देवाशी भांडण नव्हतं. तिथे जाऊन भाकर घ्यावी असं वाटायचं नाही. पण कुसुम रागावेल ही भीती मात्र अगदी ताजी होती.

मग पेटीसाठीची खरी चादर कुठे गेली? या घरात चादर नव्हती असं होणं शक्य नव्हतं. त्याने वरचा कप्पा पाहिला, त्याखालचा पाहिला. सगळ्यात खाली, जिथे पोचायला त्याला जमिनीवर बसावं लागलं, तिथे एका जुन्या लुगड्यात बांधलेलं गाठोडं निघालं. आत डांबराच्या गोळ्या आणि दोन पांढऱ्या चादरी, काठ हाताने शिवलेले. एक दुसरीपेक्षा वीतभर लांब. त्याबरोबर एक रविवार आठवला. दुपार, मटणाचं जेवण झालेलं, तो दिवाणावर आडवा, टीव्हीवर क्रिकेटची मॅच, आणि कुसुम त्याच्या डोक्यापासून पायापर्यंत टेप धरून काहीतरी मोजत होती. "काय चाललंय?" "काही नाही. पडून राहा. पाय सरळ करा." पुढे केव्हातरी, मॅच चालू असतानाच, ती कपाटाकडून बोलली होती, "ऐकताय का? दोन्ही सगळ्यात खालच्या कप्प्यात ठेवल्यात. मधल्या नाही, खालच्या. लांब आहे ती तुमची." तो म्हणाला होता, "बरं." कोणीतरी बाद झालं होतं त्या वेळी. कोण, ते त्याला अजून सांगता आलं असतं.

दुसऱ्या दिवशी तो मैनामावशीकडे गेला. मैनामावशी साऱ्या मंडळीची मावशी. दवाखान्यात नर्स म्हणून आयुष्य काढलेलं, त्यामुळे त्यांच्या वस्तीतलं, शरणपुरातलं बाळ आणि शरणपुरातलं मढं, दोघांची पहिली आणि शेवटची आंघोळ तिच्याच हातची. कुसुमलाही तिनेच घातली होती. तिच्या घरी बसायला खुर्चीवरचे कपडे उचलून दुसऱ्या खुर्चीवर ठेवावे लागायचे. कुसुम इथून परत आली की घरी येऊन उगाचच एखादा कप्पा आवरायची. मावशी चष्मा शोधत होती. "बस रे बाबा. सलाम. चष्मा दिसला का तुला कुठं? सकाळपासून शुभवर्तमान वाचायचं ऱ्हायलंय." शांतवन बसला आणि म्हणाला, "मावशी, नाताळचं मोठं कापड दीपमाला मागतेय."

"ती नवीन हाय. तिला काय ठावं. मी सांगते तिला, दुसरं घेऊ म्हणावं."

"तुम्हाला माहीत आहे ते कुठे आहे?"

"आरं, पेटीत तिच्या अंगावर घातलं कुणी? उलगडल्याबरोबर कोपऱ्यातला क्रूस दिसला मला. मीच काढलेला पांढऱ्या दोऱ्यानं. एक हात जरा वाकडा आलाय त्याचा. तुझ्या बायकोनं दोनदा उसवायला लावला, तरी वाकडाच आला."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं? बायका सगळ्या बघायला लागल्या एकमेकींकडं. मी डोळ्यानंच गप केलं. म्हटलं, ह्या माणसानं जन्मात बायकोला एक साडी आपल्या मनानं आणली नाही, आज बघा, प्रभूच्या मेजाचं कापड काढून दिलं. तिनं एवढी वर्षं धुतलं, इस्त्री केलं, तर तिच्यासंगं जाऊ दे, असं वाटलं असंल त्याला. पाळकसाहेबांनाबी तेच सांगितलं. त्यांचे डोळे भरून आले. तेव्हापासून नवरा कसा असावा म्हणून तुझंच नाव घेत्यात बायका, ठावं हाय का?"

शांतवनला ठाऊक नव्हतं. पण ऑगस्टनंतर उपासनेला गेल्यावर बायका त्याला जरा जास्तच आदराने सलाम करतात, डबे पाठवतात, हे त्याने पाहिलं होतं. विधुराला करतात तसं करत असतील, असं त्याने धरलं होतं. तो मावशीच्या दारातल्या तुळतुळीत पायरीकडे बघत म्हणाला, "मावशी, मला चादर वाटली ती."

"काय?"

"चादर. पांढरं दिसलं, मी काढून दिलं. कापड आहे हे मला काल कळलं."

मावशीने शोधणं थांबवलं. चष्मा तिच्या हातातल्या टॉवेलातच निघाला. तो नाकावर ठेवून तिने शांतवनला नीट पाहिलं, आणि तिच्या पोटात हसू हलायला लागलं. आवाज नव्हता, नुसती ती हलत होती. मग तिने त्याच टॉवेलाने डोळे पुसले. "आरं माझ्या देवा," ती म्हणाली. "कुसुमला कळलं ना, तर पुनरुत्थानाच्या दिवसाची वाट नाही बघायची ती." शांतवनलाही हसू आलं. कुसुम गेल्यापासून तो असा हसला नव्हता, आणि हसताना त्याला आपला चेहरा कुणा दुसऱ्याचा असल्यासारखा वाटला. हसणं ओसरल्यावर मावशी म्हणाली, "आता सांगत फिरू नको कुणाला. चांगलं झालंय ते चांगलं ऱ्हाऊ दे."

"पण मंडळीची वस्तू आहे, मावशी."

"आणि ती काय मंडळीची नव्हती?"

पण घरी परतताना, सिग्नलला स्कूटर बंद करून थांबला असताना, त्याला कळलं की मावशीचं बरोबर असलं तरी कुसुमला ते पटलं नसतं. लोकांनी त्याला जे समजलं होतं ते चांगलं होतं. तसं मनात आणून त्याने ते कापड दिलं असतं तर किती बरं झालं असतं. पण ते त्याच्या मनात आलं नव्हतं, पुढेही कधी आलं नसतं. कुसुमसाठी त्याच्या मनात कधी काही मोठं आलंच नव्हतं. जे काही होतं ते लहान होतं. गच्चीवर चादरी वाळल्या की ती हाक मारायची, तो दोन टोकं धरायचा, ती दोन. ती चालत यायची, तिची टोकं त्याच्या हातात द्यायची, खाली वाकून घडी उचलायची, परत मागे जायची, परत यायची. प्रत्येक वेळी चादर निम्मी होत जायची आणि शेवटी ती अगदी त्याच्यासमोर उभी असायची, साबणाचा आणि उन्हाचा वास येत. मग घडी घेऊन जिना उतरायची. मागचा माणूस हॉर्न वाजवत होता. शांतवनने किक मारली. तोवर त्याचं ठरलं होतं. कुसुमची चादर शिल्लक होती. कुसुम मंडळीचं घेऊन गेली, मंडळीला कुसुमचं द्यायचं. वस्तू परत.

त्याने दीपमालाला घरी यायला नको म्हणून सांगितलं. शनिवारी सकाळी दोन्ही चादरी पिशवीत घालून तो देवळात गेला. दोन्ही कशाला नेल्या ते त्याला सांगता आलं नसतं; वेगळ्या करत बसायचा कंटाळा असेल. आत दीपमाला बाकांखालून झाडू फिरवत होती आणि मैनामावशी खुर्चीवर बसून तिला कोपरे दाखवत होती. शांतवनने आखूड चादर काढली. "मोठं कापड आता नाही," तो दीपमालाला म्हणाला. "हे त्याच्या बदली. घरचंच आहे, कुसुमने शिवलेलं." "अय्या, कोरं दिसतंय," दीपमाला म्हणाली, आणि दोघांनी ते मेजावर अंथरलं. मेज जुन्या सागवानाचं, लांब. इकडून खाली सोडलं की तिकडून मेजाची कड उघडी पडत होती. दीपमालाने सरळ केलं, आडवं केलं, मध्यावर आणलं; मग दोन्हीकडून उघडं पडलं. "वीतभर कमी पडतंय काका," ती हळू म्हणाली, त्याला वाईट वाटेल म्हणून. मग त्याने पिशवीतून दुसरी काढली. ती मेजावर अगदी बसली. दोन्ही बाजूंना सारखी उतरली, जणू माप घेऊनच शिवली होती. ज्याचं माप घेतलं होतं तो मेजाच्या टोकाशी उभा होता.

दीपमाला टाचण्या आणायला गेली तशी मैनामावशी उठून जवळ आली. तिने काठाची शिवण बोटाने चाचपली. आयुष्यभर असल्या चादरी हाताळलेली बाई. "शांतवन," ती म्हणाली, "ही तर..."

"हो."

"आणि ती आखूड?"

"कुसुमची."

"मग तुला रे?"

"ती आखूड आहे की," तो म्हणाला.

तिने आखूड चादरीची दोन टोकं उचलली आणि दोन त्याच्या हातात दिली. "धर. खांदा वर जात नाही माझा, तूच ये हिकडं." शांतवन टोकं धरून तिच्याकडे चालत गेला. चालत जायचं आपल्याकडेही असतं, हे त्याला आजवर माहीत नव्हतं. मग लांब चादरीच्या कोपऱ्यात मावशीने खडूने एक खूण केली. "इथं क्रूस काढीन म्हणते. ह्या वेळी सरळ," ती म्हणाली.

नाताळच्या दिवशी देऊळ भरलं होतं. तारे, फुगे, पोरांचे नवे बूट. शांतवन खिडकीशेजारच्या त्याच्या बाकावर बसला होता, शेजारी कुसुमची जागा कुणीतरी सिडकोतल्या पाहुण्याने घेतली होती. पाळकसाहेबांनी मेजावरचं झाकण उचललं, भाकर मोडली. चादर शुभ्र दिसत होती. कोपऱ्यातला क्रूस लांबून दिसत नव्हता, पण तो पुन्हा वाकडाच आला होता, शांतवनने आधी जाऊन पाहिलं होतं. लोक उठायला लागले. तोही उठला, सवयीने दाराकडे दोन पावलं गेला, आणि थांबला. आपल्या अंगावर घालायचं होतं त्याच्यावर लोक जेवतायत, हा विचार त्याला आला. तो विचार भयंकर नव्हता. काहीसा गमतीचाच होता. तो वळून रांगेत उभा राहिला. मेजापाशी गुडघे टेकल्यावर त्याच्या नाकाला इस्त्रीचा आणि थोडा डांबराच्या गोळ्यांचा वास आला. दीपमालाने दोनदा धुऊनही तो गेला नव्हता. त्याने भाकर घेतली. प्याला घेतला. विशेष काही झालं नाही. परत येताना बायकांनी त्याच्याकडे पाहिलं, तशाच आदराने, आणि त्याने तो आदर राहू दिला.

दुपारी घरी येऊन त्याने एकट्याने जेवून घेतलं. मग आखूड चादर काढली, दिवाणावर आडवा झाला आणि ती अंगावर ओढून पाहिली. गळ्यापर्यंत घेतली तर पाय उघडे राहात होते. फरशीवरून येणारा डिसेंबरचा गार वारा तळव्यांना लागत होता. चेहरा झाकायचा की पाय, हे त्या वेळी ज्याच्या हातात असेल तो ठरवील. त्याला चालणार होतं. त्याने तसंच पडल्या पडल्या रूपालीला पुण्याला फोन लावला. "हॅपी ख्रिसमस पप्पा! जेवलात? एकटेच? मी म्हटलं होतं इकडे या." मागे भांडी, पोरं, कुठलंतरी गाणं. शांतवन म्हणाला, "रूपाली, एक ऐकून ठेव. माझी चादर सगळ्यात खालच्या कप्प्यात आहे. मधल्या नाही, खालच्या."

"कसली चादर?"

"पांढरी. माझी. शेवटची."

"पप्पा, सणाच्या दिवशी काय हे? अरे, त्याला खाली उतरव आधी, पडेल तो... हं, बोला पप्पा."

"खालच्या कप्प्यात."

"बरं," रूपाली म्हणाली.

ते 'बरं' शांतवन ओळखत होता. त्याने फोन ठेवला, उठून बसला. चादरीची दोन टोकं हनुवटीखाली धरली, दोन हातांत घेतली, आणि एकट्याने जमेल तशी घडी घातली. कडा नीट जुळल्या नाहीत. खालच्या कप्प्यापाशी बसायला म्हणून तो वाकला, आणि तसाच थांबला. मग सरळ झाला, मधल्या कप्प्यातला रिकामा अभ्रा काढला, चादर त्यात घातली, आणि पहिला हात जिथे जातो तिथे ठेवून दिली.